दाताच्या डॉक्टरची हस्तिदंती वारी

जर्मनीतल्या कलोनला दर दोन वर्षांनी मार्चमध्ये आमच्या धंद्याची जत्रा भरते. जगभरचे दंतवैद्य, कवळ्या करणारे, खुर्च्या विकणारे आणि इम्प्लांटवाले, सगळे एका छपराखाली. यंदा मीही गेलो. चार दिवस पायाचे तुकडे पडेपर्यंत हिंडलो, पिशवीभर माहितीपत्रकं गोळा केली आणि शेवटी एकच वस्तू विकत घेतली: चष्म्यावर बसवायची नवी भिंगं. आम्ही त्यांना लूप म्हणतो. यांतून समोरच्या दीड-दोन वीत अंतरावरचा दात मोसंबीएवढा दिसतो. किंमत सांगत नाही, बायको हे वाचणार आहे.

जत्रा शनिवारी संपली आणि परतीचं विमान पुढच्या शनिवारी बर्लिनहून. ड्यूसेलडॉर्फला असणारा भाचा म्हणाला, "मामा, किल्ले बघायचेत की गाड्यांचे कारखाने?" म्हटलं, "दात."

तो हसला, पण मी गंमत करत नव्हतो. दोन वर्षांपूर्वी जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात हस्तिदंती मूर्ती बघत होतो. गोव्याच्या कारागिरांनी १७व्या शतकात असल्या मूर्ती चिकार घडवल्या. डोंगरावर बसलेला बाळ येशू मेंढपाळ आणि त्याच्या पायथ्याशी मेंढरांचे थरावर थर. लोक मूर्तीचा चेहरा बघत होते आणि मी बघत होतो तिचा बाक. तो सुळ्याचा बाक होता. कारागिरानं दातापुढे माघार घेतली होती. तेव्हाच वाटलं, हे काम जिथं याच्याही सहा-सातशे वर्षं आधी झालं, तिथं जाऊन बघावं.

रविवार, कलोन

सकाळीच फजिती. मार्चच्या शेवटच्या रविवारी इकडे घड्याळं एक तास पुढे सरकतात. मोबाईल आपोआप सरकला, मनगटावरचं सरकलं नाही आणि मी मनगटावर विश्वास ठेवला. भाचा स्टेशनवर तासभर ताटकळला.

श्नुटगेन संग्रहालय म्हणजे मुळात सेंट सेसिलियाचं जुनं चर्च. अलेक्झांडर श्नुटगेन नावाच्या पाद्र्यानं जन्मभर गोळा केलेल्या वस्तू १९०६ मध्ये शहराला दिल्या, आणि १९५६ पासून त्या या चर्चमध्ये आहेत. जाड दगडी भिंती, आत गारवा, माणसं मोजकी. आपल्याकडच्या संग्रहालयांत शाळेच्या सहलींचा जो गलका असतो तो नसल्यानं थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

मी शोधत होतो ती फणी. संत हेरिबर्टची फणी. हेरिबर्ट हा ९९९ ते १०२१ या काळात कलोनचा आर्चबिशप होता. फणी त्याच्याहून शंभरेक वर्षांनी जुनी, ९व्या शतकाच्या उत्तरार्धात मेट्स भागात कोरलेली. एका अंगाला क्रूसावरचा येशू, दुसऱ्या अंगाला पानांची वळणदार नक्षी. मिस्सेआधी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी, पाद्र्यानं केस विंचरायचे, तोही विधीचा भाग. आपण पूजेला बसण्यापूर्वी हातपाय धुतो तसंच. म्हणजे ही फणी देव्हाऱ्यातलीही आहे आणि न्हाणीघरातलीही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि वज्र्या बघताना जो आनंद होतो तोच इथं झाला. रोजच्या वापराच्या वस्तूवर एवढा जीव लावणारी माणसं मला आवडतात.

आणि धंद्याची गंमत म्हणजे हत्तीच्या दातातून काढलेले फणीचे दात! लूप लावून वाकलो. दातांच्या बुंध्याशी, दोन दातांच्या मधल्या खाचेत, करवतीनं कापल्यावर राहते तशी किंचित खडबड दिसली. आमच्याकडे तिथंच अन्न अडकतं. एवढ्यात रखवालदार आला. माझ्या डोळ्यांवरच्या नळकांड्यांकडे त्यानं संशयानं पाहिलं. लूपला छोटा दिवाही असतो, तो लावू नका अशी खूण केली. लावणार नव्हतोच.

पुढच्या कपाटात १२व्या शतकातल्या कलोनच्याच पाट्या. येशूच्या आयुष्यातले प्रसंग, माणसं एकमेकांना चिकटून उभी, डोकी मोठी. कपड्यांच्या चुण्यांवर बारीक टोचे मारून काढलेल्या ठिपक्यांच्या ओळी. अभ्यासक या सगळ्या गटाला त्या टोच्यांवरूनच ओळखतात. पण हे हस्तिदंत नव्हे, वॉलरसचा दात. आफ्रिकेतून हत्तीचे दात यायचे ते त्या काळात इकडे दुर्मीळ झालेले. मग उत्तरेकडून, ग्रीनलंड-नॉर्वेच्या समुद्रावरून, वॉलरसचे दात यायचे.

इथं मला भाच्याला व्याख्यान द्यावंच लागलं. आपण मराठीत हत्तीचा सुळा म्हणतो ते शास्त्रानं चूक. हत्तीचा तो वरचा पटाशीचा दात, वाढत वाढत तोंडाबाहेर आलेला. वॉलरसचा मात्र खराखुरा सुळा. हत्तीच्या दातावर इनॅमल फक्त टोकाला असतं आणि तेही लवकर झिजून जातं. बाकी सगळं डेंटिन, म्हणजे तुमच्या-आमच्या दाताच्या आतला पिवळट थर. मुळाकडचा भाग पोकळ असतो, कारण तिथं नस. वॉलरसच्या दाताचं पोट भरीव असतं, पण आतला गाभा दाणेदार, साबुदाण्याच्या खिचडीसारखा. चांगला कारागीर त्या गाभ्यात चेहरा येऊ देत नाही. म्हणून वॉलरसच्या पाट्या बेताच्या रुंदीच्या, आणि मोठं चित्र हवं असेल तर अनेक पाट्या जोडलेल्या.

"जर्मन भाषेत याला एल्फेनबाइन म्हणतात," भाचा म्हणाला. "बाइन म्हणजे हाड."

"मग जर्मन भाषाही नापास," मी म्हटलं.

सोमवार, आखेन

सोमवारी जर्मनीतली बहुतेक संग्रहालयं बंद. आखेनच्या कॅथेड्रलचा खजिना मात्र उघडा होता, म्हणून आखेन.

हे सम्राट कार्लचं गाव, ज्याला इंग्रजी पुस्तकांतून आपण शार्लमेन म्हणून ओळखतो. मला इथल्या हत्तीची गोष्ट आधीपासून ठाऊक होती. बगदादच्या खलिफा हारून अल-रशीदनं कार्लला एक जिवंत हत्ती भेट पाठवला. नाव अबुल अब्बास. आयझॅक नावाचा एक ज्यू दूत त्याला घेऊन निघाला, आणि ८०२ च्या जुलैमध्ये तो हत्ती आखेनला पोहोचला. ८१० मध्ये कार्ल डेन लोकांवर स्वारीला निघाला असताना तो हत्ती ऱ्हाइनकाठी मेला. दरबारी बखरींत राजेरजवाड्यांच्या मृत्यूंसोबत त्याच्या मृत्यूचीही नोंद आहे. संबंध देशात एकच हत्ती, आणि त्याला नाव. आपल्याकडे देवळातल्या हत्तीला नाव असतं, तसं.

खजिन्यात एक हस्तिदंती शिंग आहे, कार्लचं शिंग म्हणून ओळखलं जाणारं. लोकांची समजूत अशी की ते त्या हत्तीबरोबरच आलं. पण ते कार्लनंतर सुमारे दोनशे वर्षांनी दक्षिण इटलीत घडवलेलं आहे. समजुतीला काय, चांगला हत्ती मिळाला की ती पाठीवर बसतेच.

खरी वस्तू त्याच दालनात, वीतभर उंचीची. सिटुला, म्हणजे तीर्थाची बादली! सन १००० च्या आसपासची. पवित्र पाणी शिंपडण्यासाठी हातात धरून न्यायची. बाहेरून अष्टकोनी, वरच्या ओळीत सिंहासनावर बसलेली मंडळी, त्यांत सम्राट आणि पोप. खालच्या ओळीत आठ शिपाई, ढाल-भाले घेऊन, एकेका दारात एकेक. मध्ये रत्नं जडवलेले पट्टे. मला ही वस्तू बघून हसूच फुटलं, कारण मी लगेच ओळखलं: पोकळ. हत्तीच्या दाताचा मुळाकडचा, नसेचा भाग. बादली करायला मुद्दाम पोखरायची गरजच नाही, निम्मं काम हत्तीनंच करून ठेवलेलं. आम्ही रुग्णाच्या दातात हीच पोकळी साफ करतो तेव्हा त्याला रूट कॅनाल म्हणतो आणि पैसे घेतो. इथं त्या पोकळीत तीर्थ भरलं.

बराच वेळ एका शिपायासमोर थांबलो. नखापेक्षा थोडासाच मोठा चेहरा, डोळ्यांत भोकं पाडलेली. दारात उभा आहे, पण अंगाला बाक आहे. सुळ्याच्या बाहेरच्या फुगवट्याबरोबर तोही फुगलाय, म्हणून तो पुढे झुकल्यासारखा दिसतो. कुणी आत घुसू पाहतंय आणि हा अडवायला पुढे येतोय असं वाटतं. कारागिराच्या मनात तसं होतं की दातानंच तसं करवून घेतलं, मी सांगू शकत नाही. पण कौतुक दोघांचं वाटून घ्यावं.

दुपारी मार्गदर्शकासोबत कॅथेड्रलच्या आत. सम्राट दुसऱ्या हेन्रीनं दिलेलं सोन्याचं प्रवचनपीठ आहे, ११व्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यावर सहा हस्तिदंती पाट्या जडवलेल्या, त्याही पाचशे वर्षं आधीच्या, बहुधा इजिप्तच्या. आणि त्यांवर कोण, तर आयसिस देवी आणि मद्याचा देव बॅकस! जिथून शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, वाचायचं त्या जागेवर द्राक्षवेलींत लोळणारा बॅकस. आमच्या मार्गदर्शिकेनं हे सांगताना आवाज जरा खाली आणला. मला काही गैर वाटलं नाही. हस्तिदंत इतकं महाग होतं की जुनं मिळालं तर टाकायचं कुणी? आपल्याकडेही पडक्या देवळाचा कोरीव दगड वाड्याच्या जोत्यात बसवतातच.

येताना आखेनची प्रसिद्ध प्रिंटन बिस्किटं घेतली. मसाल्याचा वास छान, पण दगडासारखी कडक. व्यावसायिक मत: चहात बुडवल्याशिवाय खाऊ नयेत. एक चावलं आणि स्वतःच्याच डाव्या दाढेचं भरण आठवलं.

मंगळवार, एसेन

एसेन म्हटलं की कोळसा आणि पोलाद. स्टेशनातून बाहेर पडून बाजारपेठेच्या रस्त्यानं चाललं की कपड्यांच्या दुकानांच्या रांगेतच अचानक एक हजार वर्षं जुनं चर्च उभं. इथं पूर्वी राजघराण्यातल्या बायकांचा मठ होता आणि त्याच्या प्रमुख मठाधिपती बाई छोटं राज्यच चालवत. चर्चचे पालकसंत कोस्मास आणि दामियन, दोघे भाऊ, दोघेही डॉक्टर, आणि फी न घेता उपचार करणारे. हे शेवटचं घरी सांगितलेलं नाही.

खजिन्यात मठाधिपती थिओफानूच्या शुभवर्तमानाचं मुखपृष्ठ आहे. ही थिओफानू १०३९ ते १०५८ या काळातली, आणि त्याच नावाच्या बायझंटाइन राजकन्येची, म्हणजे सम्राट दुसऱ्या ओटोच्या राणीची, नात. भोवती सोन्याची चौकट, चौकटीत खाली मरियेच्या पायाशी ही बाई स्वतः. आणि मधोमध हस्तिदंताची पाटी: येशूचा जन्म, क्रूस आणि स्वर्गारोहण, तिन्ही एकाच पाटीवर. जन्मापासून जाण्यापर्यंतचा सगळा जीव तळहातापेक्षा थोड्या मोठ्या जागेत.

अशा पाटीला रुंदी का मिळत नाही? कारण दात गोल. तो उभा चिरला की पोकळीच्या बाहेरच्या जाडीतून जेवढी सपाट फळी निघेल तेवढीच. या पाट्या उंच आणि चिंचोळ्या असतात आणि माणसं एकावर एक रचावी लागतात, त्यामागे हे साधं गणित आहे. पानभर वाचलं तरी हे कलेच्या पुस्तकांत कुणी ठसठशीत सांगत नाही. कदाचित त्यांना दात कापायची सवय नसेल.

मला इथं एकदंत आठवला. आपला गणपती स्वतःचा मोडका दात घेऊन महाभारत लिहितो. इथं दाताचंच पुस्तकाला कवच झालं. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, गणपतीनं दात दिला. या हत्तीला कुणी विचारलं होतं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही बाजारात जाऊन भाजलेले बटाटे खाल्ले.

बुधवार, एर्बाख

भाच्याला ऑफिस. मी एकटा दक्षिणेला, फ्रँकफुर्ट, डार्मश्टाट आणि तिथून छोट्या गाडीनं ओडेनवाल्डच्या टेकड्यांतून एर्बाखला. या गावाची हस्तिदंती कला मध्ययुगीन नाही. इथं हस्तिदंताचं काम १७८३ मध्ये सुरू झालं, तिथल्या काउंट फ्रान्झच्या हौसेनं. पण मला जिवंत हत्यारं बघायची होती. किल्ल्यातल्या हस्तिदंत संग्रहालयात कारागिराचं टेबल, पटाशा, कानशी, करवती. आमच्या ट्रेमधली हत्यारं आणि ही हत्यारं सख्खी चुलत भावंडं निघाली. गावाची खूण म्हणजे हस्तिदंती गुलाबाचा ब्रोच. पाकळ्या इतक्या पातळ की उजेड आरपार जातो.

१९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. तेव्हापासून इथले लोक सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणारे मॅमथचे दात वापरतात, नाहीतर टाग्वा पामच्या टणक बिया. मॅमथ आणि हत्ती यांत फरक कसा करायचा? दात आडवा कापला की डेंटिनमध्ये एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात. श्रेगर या जर्मन माणसानं त्या १८०० मध्ये नोंदवल्या. बाहेरच्या कडेला हत्तीत त्यांचा कोन पसरट असतो, मॅमथमध्ये चिंचोळा. कॉलेजात हे पाठ केलं होतं, परीक्षेत आलं नव्हतं. पस्तीस वर्षांनी एर्बाखमध्ये काचेआडच्या एका कापलेल्या दातावर लूप लावून बघितलं. कोन चिंचोळा. मॅमथ. खालची चिठ्ठीही तेच म्हणत होती. एवढा आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

गुरुवार

प्रवास. गाडी उशिरा, जोडगाडी चुकली, फलाट बदलला, पुन्हा बदलला. जर्मन वक्तशीरपणाबद्दल लहानपणी ऐकलेलं सगळं विसरून बर्लिनला रात्री पोहोचलो. बायकोचा फोन: "अहो, जेवलात का? आणि तिकडे एवढं काय आहे दातांत?" म्हटलं, उद्या सांगतो.

शुक्रवार, बर्लिन

बोड संग्रहालय म्हणजे नदीच्या दोन फाट्यांमध्ये, बेटाच्या टोकावर जहाजाच्या नाळेसारखी उभी असलेली इमारत. १९०४ ची. आत मोठमोठे घुमट आणि लाकडी संतांच्या रांगा. मला जे हवं होतं ते दोन लहान पाट्यांत होतं. उंची २४ सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी १० च्या. सन ९९० च्या सुमारास त्रीरमध्ये कोरलेल्या. कारागिराचं नाव माहीत नाही. न्यूर्नबर्गला सोन्याच्या अक्षरांत लिहिलेला एख्टरनाखच्या मठाचा ग्रंथ आहे, त्याच्या मुखपृष्ठावरचा क्रूस याच हाताचा मानतात, म्हणून त्याला एख्टरनाखचा कारागीर म्हणतात. त्या क्रूसाच्या तळाशी धरणी माणसाच्या रूपात बसून खांद्यावर क्रूस पेलते म्हणे. न्यूर्नबर्ग माझ्याकडून राहिलं, याची चुटपुट आहे.

डाव्या पाटीवर मोशे, वरून आलेल्या देवाच्या हातातून आज्ञांची पाटी घेणारा. उजव्या पाटीवर थोमा.

थोमाची गोष्ट अशी. येशू पुन्हा उठला असं सगळे सांगत होते, पण हा म्हणाला, जखमेत बोट घालीन तेव्हाच मानीन. आठ दिवसांनी येशू आला आणि म्हणाला, घाल बोट. पाटीवर त्या वेळचं येशूचं वाक्य लॅटिन अक्षरांत कोरलंय. आणि हाच थोमा पुढे भारतात आला, असं आपल्याकडचे ख्रिस्ती परंपरेनं मानतात. भारतातल्या ख्रिस्ती मंडळींची जुनी नोंदही आपल्या जवळची आहे. ६व्या शतकातल्या कोस्मास नावाच्या प्रवाशानं ‘कलियाना’ला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय, आणि ते आपलं कल्याण असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. लोकलनं जाताना हे कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही. थोमाच सगळे.

पण हा थोमा! बाकीचे सगळे संत तोंड आपल्याकडे करून उभे असतात, फोटोला उभं राहिल्यासारखे. हा पाठमोरा. येशू वर उभा, एक हात डोक्यावर उंच नेलेला, दुसऱ्या हातानं वस्त्र बाजूला केलेलं, आणि बगलेखालची उघडी कूस. थोमा खालून वर ताणलाय. मान इतकी मागे टाकलीय की टाळू पाठीला टेकेल. चेहरा अर्धवट, उताणा. आणि वर गेलेला हात, त्याचं ते एक बोट. चिंचोळी पाटी, रुंदीत दोन माणसं मावत नाहीत, म्हणून एकाला वर आणि एकाला खाली ठेवलं. दाताची अडचण होती, आणि त्या अडचणीतूनच ही मान ताणली गेली. रुंद फळी असती तर थोमा समोरासमोर उभा राहून सभ्यपणे बोट पुढे करता आणि मी पाच मिनिटांत पुढे गेलो असतो.

रोज बघतो मी ही मान. रुग्ण खुर्चीत असतो तेव्हा अशीच मागे टाकलेली. फरक एवढाच की माझ्याकडे बोट घालणारा मी असतो आणि इथं मान बोट घालणाऱ्याची आहे. आणि माझंही थोमासारखंच. एक्सरे बघतो, सगळं ऐकून घेतो, पण हिरडीवर बोट फिरवल्याशिवाय मला काही पटत नाही.

लूप लावला. काचेपासून बरोबर अंतर साधेपर्यंत मागेपुढे झालो. थोमाच्या बोटाचं टोक जखमेच्या कडेला लागलेलं, आणि त्या भोवतालचं हस्तिदंत मधाच्या रंगाचं, म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखं. असे दात पांढरे करून द्या म्हणून माझ्याकडे लोक येतात.

मागे पावलं वाजली. रखवालदार बाई होत्या, साठीच्या पुढच्या. मी लगेच सरळ उभा राहिलो, दिवा बंद आहे हे दाखवायला दोन्ही हात वर केले. त्यांनी हातानंच लूपकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे. बघू का? मी काढून दिला, अंतर किती ठेवायचं ते खुणेनं सांगितलं. बाई वाकल्या. वर्षानुवर्षं त्या याच कपाटाशेजारी उभ्या राहिल्या असतील. एक जोडपं येऊन स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारू लागलं, तर बाईंनी मान न हलवता डाव्या हातानं दाराकडे दाखवलं. उजव्या हाताचं एक बोट त्यांच्याही नकळत काचेच्या दिशेनं वर गेलं होतं.

मी बाकावर बसलो. लूप परत मिळायला वीसेक मिनिटं लागली.